दर १७४ सेकंदांनी एक भूकंप

२००८ ते २०१७ या दहा वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात किती भूकंप झाले? २०१९ उजाडले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर होते, सुमारे १ लाख ८० हजार. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झॅकरी रॉस, डॅनियल ट्रगमन, एगिल हाउक्सन आणि पीटर शीरर या चौघांचा शोधनिबंध आला आणि उत्तर झाले १८ लाख १० हजार. मधल्या काळात जमीन काही मागे जाऊन जास्त हलली नव्हती, की या कामासाठी कुठे नवे यंत्र बसवले गेले नव्हते. त्याच यंत्रांच्या त्याच नोंदी त्यांनी पुन्हा वाचल्या, एवढेच. पहिल्या वाचनात दहातले नऊ भूकंप नजरेतून सुटले होते.

दहा वर्षांत १८ लाख १० हजार म्हणजे दिवसाला सरासरी ४९५, म्हणजे दर १७४ सेकंदांनी एक. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे राष्ट्रीय भूकंप केंद्र अख्ख्या पृथ्वीवरच्या ज्या भूकंपांची जागा ठरवून यादी करते, ते वर्षाला सुमारे २० हजार असतात, दिवसाला ५५. एका राज्याच्या अर्ध्या भागात, नीट कान दिला तर, त्याच्या नऊपट ऐकू येते. महाराष्ट्राखाली इतके सापडणार नाहीत हे उघड आहे, कारण आपल्याखालून दोन भूपट्टांची शीव जात नाही. पण जगाच्या यादीवरून ‘या भागात काहीच होत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने हा नऊचा आकडा लक्षात ठेवावा.

यातले बहुतेक भूकंप कुणालाही जाणवलेले नाहीत. भूकंपाची मोजपट्टी शून्यावर सुरू होत नाही. ती दोन्हीकडे वाढते, शून्याच्या खालीही उतरते. शून्य तीव्रतेच्या भूकंपातून लहरींच्या रूपाने जी ऊर्जा बाहेर पडते ती सुमारे ६३ हजार ज्यूल, म्हणजे शंभर किलोचे धान्याचे पोते वीसेक मजले वर चढवायला लागते तेवढी. हा प्रकार जमिनीखाली आठ-दहा किलोमीटरवर घडला तर वर उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार? मोजपट्टीची एक पायरी चढली की ऊर्जा ३२ पट होते, दोन पायऱ्या चढल्या की हजारपट. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा भूकंप ७.९ तीव्रतेचा होता. तेवढी ऊर्जा ०.३ तीव्रतेच्या भूकंपांनी भरून काढायची तर ते लागतील २५ हजार कोटी. रोज ४९५ या वेगाने हा हिशेब पुरा व्हायला सुमारे १४ लाख वर्षे जावी लागतील. छोटे धक्के बसून गेले की मोठ्याचा जोर कमी होतो, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. कोयनेच्या खोऱ्यात ती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. तिचे काय करायचे, ते या चौदा लाख वर्षांनी ठरवावे.

मग ऊर्जेच्या हिशेबात ज्यांची किंमत शून्य, ते टिपायचे कशासाठी? जागेसाठी. मोठा भूकंप शतकात एखादा होतो, आणि एका भूकंपावरून जमिनीखालच्या भेगेचा आकार कळत नाही. लहान भूकंप मुबलक असतात. बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४०च्या दशकात पॅसाडेनात बसून दाखवून दिले की तीव्रतेची एक पायरी उतरली की भूकंपांची संख्या ढोबळमानाने दहापट होते. रॉस आणि मंडळींची यादी दहापट झाली ती याच नियमाने: ते साधारण एक पायरी खाली उतरले. प्रत्येक बारीक धक्का भेगेवरचा एक ठिपका. ठिपके पुरेसे झाले आणि प्रत्येक ठिपका आपल्या खऱ्या जागी पडला, तर जिथे आजवर कुणी पोचलेले नाही अशा खोलीवरचा प्रस्तरभंग, म्हणजे ही भेग, नकाशावर उतरतो. अडचण या वाक्यातल्या ‘खऱ्या जागी’ या दोन शब्दांत आहे.

भूकंपाची जागा कशी ठरवतात, याचे मूळ थोडेसे भारतातही आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम हादरले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा अभ्यास केला, युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या रेघा तपासल्या आणि एकाच धक्क्यातून वेगवेगळ्या वेगाच्या लहरी निघतात हे स्पष्ट केले. पुढे धावणारी प्राथमिक लहर वरच्या कवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, मागून येणारी दुय्यम लहर साडेतीन. दोघींच्या पोचण्यातल्या प्रत्येक सेकंदाच्या फरकाला सुमारे ८ किलोमीटर अंतर. तीन-चार ठिकाणांवरून अंतरे काढली की वर्तुळे जिथे छेदतात ती जागा. शाळेत इतकेच शिकवतात आणि ते चूक नाही.

पण अज्ञात गोष्टी चार असतात: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप सुरू झाला तो क्षण. १९१० साली लुडविग गायगर यांनी त्या चारही एकदम सोडवण्याची रीत मांडली. आधी एक अंदाज धरायचा, त्यावरून प्रत्येक केंद्रावर लहर केव्हा पोचायला हवी ते काढायचे, प्रत्यक्षात केव्हा पोचली ते पाहायचे, फरकावरून अंदाज सरकवायचा, पुन्हा काढायचे. शंभराहून अधिक वर्षे झाली, जगातल्या बहुतेक वेधशाळा मुळात अजून हेच करतात. यात चुका दोन ठिकाणी शिरतात. लहरीचा पहिला हेलकावा नेमका कुठे सुरू झाला हे वाचताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली की जागा ६०० मीटर सरकते. ही चूक सरावाने कमी होते. दुसरी होत नाही. वाटेतला खडक कसा आहे हे कुणालाच पुरते ठाऊक नसते, म्हणून लहरीचा वेग अंदाजाने धरावा लागतो. चाळीस किलोमीटर दूरच्या केंद्रासाठी तो अंदाज पाच टक्क्यांनी चुकला तर दोन किलोमीटर गेले.

खोलीचे हाल तर सर्वांत वाईट, कारण यंत्रे सगळी एकाच बाजूला, म्हणजे वर असतात. भूकंपाच्या खाली जाऊन कुणी यंत्र लावू शकत नाही. वर्तमानपत्रात ‘भूकंपाची खोली १० किलोमीटर’ असे किती वेळा छापून येते ते कधी मोजून पाहा. त्यातल्या पुष्कळ वेळा हा आकडा मोजलेला नसतो. उपलब्ध नोंदींवरून खोली निघत नसली की गणित पुढे जावे म्हणून ती एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवतात, आणि उथळ भूकंपांसाठी तो ठरावीक आकडा १० आहे. पूर्वी कित्येक दशके तो ३३ होता. बातमीत तो मोजमाप म्हणून येतो, याला वेधशाळांचा इलाज नाही. आपण मात्र तो वाचताना डोळे उघडे ठेवावेत.

आता मोजायचे काय आहे ते पाहू. सॅन अँड्रियास प्रस्तरभंग साधारण १,२०० किलोमीटर लांब आहे. पार्कफील्ड नावाच्या वस्तीजवळ, मध्य कॅलिफोर्नियात, २००४ ते २००७ या काळात त्याच्या आरपार एक विवर खणले गेले. भंगाच्या पश्चिमेला सुमारे १.८ किलोमीटरवर सुरुवात, आधी सरळ खाली, मग तिरके पूर्वेकडे, जमिनीखाली पावणेतीन किलोमीटरवर भंग ओलांडून पलीकडे. विवराच्या पोलादी नळ्या दोन ठिकाणी पिळवटू लागल्या, तेव्हा कळले की भंग हलतो आहे तो इथे. तिथून काढलेल्या गाभ्यात मऊ, चिकणमातीसारख्या खनिजांचे दोन थर निघाले. एकाची जाडी १.६ मीटर, दुसऱ्याची २.६ मीटर. दोन भूपट्ट एकमेकांना घासत जातात त्या विवरापाशी प्रत्यक्ष सरकणारी जागा एवढीच, दोन माणसे आडवी झोपली तर भरून जाईल अशी.

आणि नेहमीच्या रीतीने ठरवलेल्या जागेतली चूक? उत्तर कॅलिफोर्नियातल्या यंत्रांच्या जाळ्यासाठी ती पुढे मोजली गेली: आडवी सरासरी ०.७ किलोमीटर, उभी २ किलोमीटर. दोन मीटरांच्या थरावर घडलेला भूकंप दोन किलोमीटरांच्या धुक्यात शोधायचा. हजारपटीची तफावत. जुन्या नकाशांवर सॅन अँड्रियासभोवती ठिपक्यांचा जो जाडजूड ढग दिसतो त्यातला बराचसा ढग प्रस्तरभंगाचा नाहीच, आपल्या चुकांचा आहे.

ही हजारपट मिटवणारी कल्पना इतकी साधी आहे की ती ऐकल्यावर आधी कुणाला कशी सुचली नाही असे वाटते. (सुचली होती. पण ती राबवायला संगणक आणि सांभाळून ठेवलेल्या नोंदी लागतात.) समजा शंभर मीटर अंतरावर दोन भूकंप झाले आणि दोन्हींच्या लहरी चाळीस किलोमीटरवरच्या एकाच यंत्रापर्यंत पोचल्या. दोघांची वाट जवळजवळ एकच. वाटेतल्या खडकाबद्दल आपले अज्ञान जे काही असेल ते दोघांच्या बाबतीत सारखेच. मग एकाच्या वेळेतून दुसऱ्याची वेळ वजा केली की ते अज्ञानही वजा होते. उरतो तो फक्त दोन भूकंपांमधल्या शंभर मीटरांमुळे पडलेला फरक. फेलिक्स वॉल्डहाउझर आणि विल्यम एल्सवर्थ यांनी २००० साली ही ‘दुहेरी फरका’ची रीत मांडली आणि हेवर्ड प्रस्तरभंगावर चालवून दाखवली. हेवर्ड म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठाने, ओकलंड आणि बर्कलीच्या खालून जाणारी भेग. बर्कली विद्यापीठाचे क्रीडासंकुल तिच्यावर स्वार आहे. तीच पुढे फ्रीमाँटमधून जाते, आणि तिथे मराठी घरे आता इतकी आहेत की हा प्रस्तरभंग थोडा आपलाही म्हणायला हरकत नाही. त्या गणिताने ठिपक्यांचा ढग आक्रसला आणि त्यातून बारीक, आडव्या रेघा बाहेर आल्या. भंगाच्या पृष्ठभागावर काही पट्टेच वारंवार तडतडतात, बाकीचा गप्प असतो, हे डोळ्यांना दिसू लागले.

वेळेतला फरक वाचण्याची रीतही बदलली. शेजारी शेजारी घडलेल्या दोन भूकंपांच्या रेघा चढ-उतारांसकट सारख्या येतात. एक रेघ दुसरीवर ठेवून सरकवत न्यायची आणि जिथे दोन्ही तंतोतंत बसतात तो क्षण घ्यायचा. असे केले की सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत फरक वाचता येतो. एका मिलिसेकंदात प्राथमिक लहर ६ मीटर जाते. दोन किलोमीटरांवरून निघालेले आपण सहा मीटरांवर आलो.

आणि इथून आकडे हाताबाहेर जातात. वॉल्डहाउझर आणि डेव्हिड शाफ यांनी २००८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या १९८४ ते २००३ या वीस वर्षांच्या नोंदी अशा रीतीने पुन्हा मांडल्या. भूकंप ३ लाख ११ हजार २७३. यातल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची तर जोड्या होतात ४,८४४ कोटींच्या वर. सगळ्या लावायची गरज नसते, लांबच्या भूकंपांच्या वाटा सारख्या नसतातच. म्हणून त्यांनी ५ किलोमीटरांच्या आतल्या जोड्याच घेतल्या. तरीही वेगवेगळ्या केंद्रांवरून मिळून वेळेतले फरक निघाले सुमारे ३०० कोटी. माणसांनी डोळ्यांनी वाचलेल्या ७० लाख वेळा त्यांच्या जोडीला घेतल्या आणि सगळे एकदम सोडवले. जागांची अचूकता काही ठिकाणी हजारपटीपर्यंत वाढली. म्हणजे नेमकी हवी होती तेवढी.

त्या कामातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा आकडा मात्र लहान आहे: १२ टक्के. तीन लाखांतले १२ टक्के भूकंप असे निघाले की ते आधीच्या कुठल्या तरी भूकंपाच्या अगदी त्याच जागी, तशीच रेघ काढत झाले होते. भंगाचा एक छोटासा अडकलेला तुकडा सुटतो, पुन्हा अडकतो, पुन्हा सुटतो. पार्कफील्डच्या विवराचे लक्ष्य असेच पुनःपुन्हा येणारे, २ तीव्रतेच्या आसपासचे भूकंप होते. त्यांच्या दोन गटांना शास्त्रज्ञांनी नावे दिली ‘सॅन फ्रान्सिस्को’ आणि ‘लॉस एंजेलिस’, कारण एक वायव्येला आहे आणि दुसरा आग्नेयेला. दोन शहरांमध्ये साडेपाचशे किलोमीटर आहेत. हे दोन तुकडे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

विवर खणताना या सगळ्या अचूकतेची दुसरी बाजू उघडी पडली. दुहेरी फरकाची रीत एका भूकंपाची जागा दुसऱ्याच्या तुलनेत सांगते. दोघे मिळून नक्की कुठे आहेत हे ती तितक्या खात्रीने सांगू शकत नाही, कारण वजाबाकीत वाटेचे अज्ञान गेले तसा वाटेचा पत्ताही गेला. गटातल्या भूकंपांची आपसातली अंतरे काही मीटरांपर्यंत ठाऊक, आणि अख्खा गट मात्र शंभर-दोनशे मीटर इकडे की तिकडे हे ठाऊक नाही. खणणाऱ्याला आपसातल्या अंतराचा उपयोग काय? त्याला पत्ता हवा असतो. म्हणून पार्कफील्डला यंत्रे विवरात उतरवून, जवळून ऐकून पत्ता पक्का करावा लागला.

हेच काम सह्याद्रीत चालू आहे, याची आपल्याकडे पुरेशी वार्ता नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगरातली घरे पडली. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरायला सुरुवात झाली १९६२ मध्ये, तेव्हापासून तिथले धक्के थांबलेले नाहीत. ५ किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त, ४च्या वरचे दोनशेहून जास्त, आणि लहान तर हजारोंनी. हे सगळे जेमतेम २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात. जलाशयामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचे इतकी वर्षे चाललेले, इतके आटोपशीर दुसरे उदाहरण जगात नाही.

पण इथे ऐकणाऱ्याच्या वाटेत काळा पाषाण आहे. कोयनेच्या भूकंपांचे मूळ ग्रॅनाइटी पायात आहे आणि त्यावर लाव्हाच्या थरांची चवड. एका विवरात तिची जाडी ९३३ मीटर भरली. एकावर एक थरांमधून वर येताना लहरी फुटतात, पसरतात, रेघेची सुरुवात पुसट होते. म्हणून दीड किलोमीटरच्या आसपास खोल विवरे खणून यंत्रे थेट ग्रॅनाइटात उतरवली गेली. कराडला या कामासाठी भूविज्ञान मंत्रालयाची विवर-भूभौतिकी प्रयोगशाळा उभी आहे. २०१६-१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल चाचणी विवर खणून झाले. तिथे लाव्हाचे थर संपायलाच सव्वा किलोमीटर खाली जावे लागले. पुढे मनात आहे ते याहून खोल विवर, भूकंप जिथे घडतात त्या खडकालाच जाऊन भिडणारे. कोयनेतली भेग शोधण्यासाठी एवढा खटाटोप, आणि किल्लारीला तर भेग आहे हेच कुणाला माहीत नव्हते. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धक्के बसत होते. ते कुठून येतात हे दाखवील असे यंत्रांचे दाट जाळे तिथे नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ला तिथे जो विनाशकारी भूकंप झाला तो सर्वांना माहीत आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या १८ लाखांकडे परत येतो, कारण तिथे जे केले गेले तो या रेघेवर रेघ ठेवण्याचाच पुढचा टप्पा आहे. आधी माहीत असलेल्या भूकंपांपैकी सुमारे २ लाख ८४ हजारांच्या रेघा नमुने म्हणून घेतल्या. मग प्रत्येक नमुना दहा वर्षांच्या अखंड नोंदीवरून सरकवत नेला. गोंगाटात बुडालेली, एरवी कुणाला न दिसणारी एखादी पुसट रेघ नमुन्याशी जुळली की तो लपलेला भूकंप. सेकंदाला १०० नोंदी धरल्या तर एका यंत्राच्या एका वाहिनीवर दहा वर्षांत ३,१५० कोटींहून अधिक नोंदी होतात. त्यावरून पावणेतीन लाखांवर नमुने एकेक नोंद पुढे सरकवायचे म्हटले तर तुलनांची संख्या होते नऊवर पंधरा शून्ये. एका वाहिनीसाठी! अशी केंद्रे शेकड्यांनी आहेत. या कामाला २०० शक्तिशाली ग्राफिक्स प्रोसेसर जुंपले होते. हे प्रोसेसर मुळात खेळांतली चित्रे रंगवण्यासाठी जन्माला आले, हे जाता जाता.

नमुने जुळवण्याची एक मर्यादा आहे: ज्याच्यासारखा आधी पाहिलेला नाही तो भूकंप सापडत नाही. त्यावर उतारा म्हणून आता रेघ वाचायला यंत्रालाच शिकवतात. वेइचियांग झू आणि ग्रेगरी बेरोझा यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेल्या ‘फेजनेट’ला उत्तर कॅलिफोर्नियातल्या ७ लाख ७९ हजार नोंदींवर घडवले आणि पारखले. त्या नोंदींवर दोन्ही लहरींच्या पोचण्याच्या वेळा वर्षानुवर्षे माणसांनी बसून खुणावल्या होत्या. यंत्राच्या हुशारीचे कौतुक होते तेव्हा या कारकुनी कामाची आठवण कुणी काढत नाही. ते नसते तर शिकवायला धडाच नव्हता.

अशाच रीतीने रॉस आणि सहकाऱ्यांनी कहुइया या गावाजवळचा एक झुंड-भूकंप उलगडला. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षे, २२ हजारांहून जास्त धक्के, ०.७ पासून ४.४ तीव्रतेपर्यंतचे. जागा नेमक्या केल्यावर दिसले ते असे: खोल तळाशी एका अरुंद तोंडातून द्रव भेगेत शिरला, आणि भेगेच्या आतल्या वाकणांतून, अडसरांतून, वर्षानुवर्षे मुंगीच्या वेगाने वर आणि बाजूंना पसरत गेला. त्याच्या पुढच्या कडेवर भूकंप होत गेले. चार वर्षांच्या त्या ठिपक्यांनी भेगेचा साचाच काढून दिला. जुन्या यादीत हे सगळे एक ठिपक्यांचे गबाळ म्हणून पडून राहिले असते. मला विचाराल तर लाखांच्या यादीचे खरे समर्थन या एका उलगड्यात आहे.

एवढे नेमकेपण आल्यावर पुढचा भूकंप केव्हा ते सांगता यायला हवे, असे कुणालाही वाटेल. त्याची परीक्षा होऊन गेली आहे आणि तीही पार्कफील्डलाच. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ असे सहा भूकंप झाले, ६ तीव्रतेच्या आसपासचे, सरासरी २२ वर्षांच्या अंतराने. १९८५ मध्ये भाकीत झाले: पुढचा १९८८च्या सुमाराला, १९९३ संपायच्या आत. त्या चिमुकल्या वस्तीभोवती जगातले सर्वांत दाट पाळतीचे जाळे उभारले गेले. १९९३ आले आणि गेले. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी. जागा बरोबर, तीव्रता बरोबर, मुदत अकरा वर्षांनी चुकलेली. शिवाय १९३४ आणि १९६६चे भूकंप वायव्य टोकाला सुरू होऊन आग्नेयेकडे धावले होते, हा उलटा धावला. येण्याआधी त्याने कुठलीही स्पष्ट चाहूल दिली नाही, इतकी यंत्रे कान लावून बसलेली असताना. नव्या दाट यादीवरून २०१९ मध्ये असे मांडले गेले की मोठ्या धक्क्यांपैकी ७२ टक्क्यांच्या आधी लहान धक्के वाढलेले दिसतात. इतरांनी संख्याशास्त्र तपासले तेव्हा ते प्रमाण बरेच खाली आले. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटेपर्यंत त्यावरून कुणाला घर सोडायला सांगता येणार नाही. ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हजारपट सुधारले, दुसऱ्याचे जवळजवळ जिथल्या तिथे आहे.

आणि पहिल्यातही एक खोच आहे. १८ लाख ठिपक्यांचा नकाशा समोर धरा. सॅन अँड्रियास सर्वांत ठळक दिसेल अशी अपेक्षा असते. पण पार्कफील्डच्या दक्षिणेला, कॅरिझोच्या मैदानातून जाणारा त्याचा लांबच लांब भाग जवळपास कोरा आहे. ९ जानेवारी १८५७ रोजी सुमारे ३५० किलोमीटर लांबीवर भंग फाटला, ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यातलाच हा तुकडा. तिथे वॉलेस क्रीक नावाचा एक ओढा भंग ओलांडताना काटकोनात वळतो, १३० मीटर भंगाच्या कडेने जातो आणि मग पुन्हा सरळ होतो. ३,७०० वर्षांत भंगाने त्याला एवढे ओढून नेले. वर्षाला ३४ मिलिमीटरच्या आसपास हा वेग निघतो. भंग तिथे घट्ट अडकलेला आहे, म्हणून बारीक धक्केही देत नाही. वेग मात्र खाली चालूच आहे. १८५७ पासून २०२५ पर्यंत १६८ वर्षे झाली. ३४ मिलिमीटरने गुणले की साडेपाच मीटरांच्या वर सरकणे तिथे साठलेले आहे, आणि ते यादीत कुठेही मोजलेले नाही.